मैत्रिणीला जामीन राहिले. पैशांपेक्षा तिच्या गप्प राहण्याचे काय करावे?

शिक्षिका_सातारा

नमस्कार. मी ४४ वर्षांची असून सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. एक गोष्ट विचारायची आहे. वाचताना ती पैशांची वाटेल, पण मला झोप लागत नाही ती पैशांमुळे नव्हे.

२००६ साली मी आणि माझी मैत्रीण एकाच महिन्यात माण तालुक्यात शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. तेव्हा मानधन महिना तीन हजार रुपये होते. दहिवडीत आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली होती. टँकर आला की जी आधी शाळेतून परतलेली असेल तिने दोघींच्या घागरी भरून ठेवायच्या, एवढाच आमच्यातला करार होता आणि तो तीन वर्षांत कधी मोडला नाही. पुढे दोघींची लग्ने झाली, बदल्या झाल्या, तालुके वेगळे झाले, तरी संबंध तुटला नाही. २०१४ मध्ये माझ्या संसारात फार कठीण दिवस आले, तेव्हा मी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन सतरा दिवस तिच्या घरी राहिले. तिने माझ्या माहेरी कळवले नाही, शाळेत कुणाला सुगावा लागू दिला नाही, आणि माझे घर सावरल्यावर त्या दिवसांचा विषय एकदाही काढला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये तिने आमच्या पगारदार पतसंस्थेतून सहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले. घराचे वरचे बांधकाम करायचे आहे, असे तिने सांगितले. मी आणि आणखी एक सहकारी, असे दोघे जामीनदार झालो. आमच्याकडे एकमेकांना जामीन राहणे इतके नेहमीचे आहे की मी कर्जरोखा वाचलाही नाही. सुमारे १२,९०० रुपयांचा हप्ता तिच्या पगारातूनच कापला जाणार होता, त्यामुळे काळजीचे कारणही दिसत नव्हते.

यंदा जूनच्या पगारात माझे ६,४५० रुपये जास्तीचे कापले गेले. चौकशी केली तेव्हा कळले की ती एप्रिलपासून असाधारण रजेवर आहे, म्हणजे बिनपगारी, आणि हप्ता थकल्याने संस्थेने दोन्ही जामीनदारांकडून निम्मा निम्मा वळता केला आहे. मे महिन्यात माझ्या वाढदिवसाला तिने फोन केला होता. आम्ही अर्धा तास बोललो. माझ्या मुलीच्या बारावीबद्दल, लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल. रजेचा उल्लेखही तिने केला नाही. कपात झाल्यावर मी फोन केला, तेव्हा “पुढच्या महिन्यात देते, तू काळजी करू नकोस” एवढे बोलून तिने फोन ठेवला. त्यानंतर जुलै आणि ऑगस्टचीही कपात झाली आणि आता ती फोन उचलत नाही. पैसे बांधकामात नव्हे, तर तिच्या यजमानांच्या कोंबडीपालनाच्या देण्यांत गेले, असे मला तिसऱ्याच व्यक्तीकडून समजले.

मी अजून माझ्या यजमानांना काही सांगितलेले नाही. तिला खडसावून विचारावे, तर ते सतरा दिवस डोळ्यांसमोर उभे राहतात. गप्प बसावे, तर पगारपत्रक हातात आले की पोटात खड्डा पडतो. जिने माझे गुपित अकरा वर्षे जपले, तिनेच स्वतःची अडचण माझ्यापासून लपवली. यांतल्या कोणत्या मैत्रिणीवर मी विश्वास ठेवावा?

सहकार_कोल्हापूर

ताई, मी बावीस वर्षे एका पतसंस्थेच्या वसुली विभागात काम करते. तुमच्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकेन असे नाही, पण त्या प्रश्नाभोवती जी भीती असते तिच्यातली निम्मी माहिती नसल्यामुळे असते, म्हणून आधी तेवढे लिहिते.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. “आधी तिच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या” असे संस्थेला सांगता येत नाही. पगारदार संस्थांत कर्जदाराबरोबर जामीनदाराकडूनही पगारातून कपात करण्याचे संमतीपत्र घेण्याची पद्धत आहे आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये अशा कपातीची तरतूद आहे. तुमचीही सही त्यावर असणार. संस्थेकडे लेखी अर्ज करून कर्जरोख्याची आणि संमतीपत्राची प्रत आणि कर्जखात्याचा उतारा मागून घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. तुम्ही भरलेली प्रत्येक रक्कम कर्जदाराकडून परत मिळण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम १४५ ने तुम्हाला दिला आहे, आणि दुसऱ्या जामीनदाराने आपला समान वाटा उचलावा असे कलम १४६ सांगते. तुमच्या बाबतीत तो उचलला जात आहे, हे चांगलेच आहे. कर्जदाराविरुद्ध दावा करण्याची मुदत तुम्ही रक्कम भरल्यापासून तीन वर्षांची असते. म्हणून मैत्रीखातर कितीही थांबायचे असले, तरी तारखा वहीत लिहून ठेवा आणि तिच्याकडून देणे मान्य असल्याचा एक साधा लेखी कागद घ्या. कर्जाची मुदत वाढवून हप्ते कमी करायचे ठरले, तर संस्था तुमची पुन्हा सही मागेल. ती देण्याआधी मात्र या वेळी प्रत्येक ओळ वाचा. एकदा कर्ज उचलले गेल्यावर जामिनातून मनाला येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही; संस्थेला मान्य होईल असा बदली जामीनदार मिळाला तरच तो मार्ग उघडतो.

मैत्रिणीला स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे, असे माझे मत आहे. ते कठोर वाटेल. परंतु माझ्या टेबलासमोर बसून ज्या बायका रडल्या, त्यांच्यातल्या बहुतेकींनी भिडेपोटी दोन-दोन वर्षे काहीच लिहून घेतले नव्हते, आणि शेवटी त्यांच्या हाती ना पैसा राहिला ना मैत्रीण.

निनावी_नागपूर

मी हे बऱ्याच दिवसांच्या विचारानंतर लिहीत आहे, कारण या गोष्टीत मी तुमच्या जागी नसून तुमच्या मैत्रिणीच्या जागी होते.

२०१६ मध्ये घरातल्या एका मोठ्या नुकसानीनंतर मी माझ्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीकडून तिच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मागून घेतल्या आणि गहाण ठेवल्या. सहा महिन्यांत सोडवून देईन असा शब्द दिला होता. ते जमले नाही. व्याज वाढत गेले, लिलावाची नोटीस आली, आणि ती नोटीस मी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिली. त्या काळातही मी तिला संक्रांतीचे तिळगूळ दिले, तिच्या मुलाच्या निकालाचे पेढे खाल्ले. बाहेरून पाहणाऱ्याला हा निर्ढावलेपणा वाटेल. आतून तो तसा नव्हता. पहिल्या आठवड्यात सांगायला एकच गोष्ट होती, की पैसे जमले नाहीत. महिन्याभराने दोन झाल्या. पैसे जमले नाहीत आणि महिनाभर मी ते लपवले. वर्षाने तर मूळ गोष्ट बाजूलाच राहिली आणि लपवणे हाच मोठा अपराध होऊन बसला. ती रागावेल याची मला भीती नव्हती. ती समजून घेईल याचीच होती, कारण तिने समजून घेतले असते तर मला स्वतःकडे पाहणे अशक्य झाले असते.

पाटल्या लिलावात गेल्या. तिला ते माझ्याकडून कळले नाही, तिच्या जावेकडून कळले. तिने घरी येऊन मला एकच प्रश्न विचारला, “मला सांगायला तुला कोणती अडचण होती?” माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे सहा वर्षांत मी तेवढ्या वजनाच्या नव्या पाटल्या करून तिला दिल्या, सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला असतानाही. तिने त्या घेतल्या. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या लग्नाला ती आली. पूर्वी ती आली असती तर सरळ स्वयंपाकघरात गेली असती आणि पदर खोचून कामाला लागली असती. त्या दिवशी ती मांडवात पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली, अक्षता टाकल्या, जेवली आणि मला नमस्कार करून गेली.

मी तुमच्या मैत्रिणीची बाजू घेत नाही. तिने तुम्हाला एप्रिलमध्येच सांगायला हवे होते, आणि ते न सांगणे ही चूक आहे. मला एवढेच सांगायचे आहे की ती आपण होऊन सांगेल याची वाट पाहू नका. ज्या ठिकाणी ती आता पोहोचली आहे, तिथून फोन उचलणे मला कधीच जमले नाही. मात्र दारात माणूस येऊन उभे राहिले असते, तर मी बोलले असते.

निवृत्त_मुख्याध्यापिका

बाळ, तुझ्याहून वीस वर्षांनी मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. राग मानू नकोस.

कोल्हापूरच्या ताईंनी दिलेली माहिती जपून ठेव, ती सोन्यासारखी आहे. फक्त स्पीड पोस्टाचे पत्र पहिले पाऊल म्हणून टाकू नकोस. त्या पत्रावर पोस्टमनसमोर सही करताना तिच्या घरी कोण कोण असेल, याचा विचार कर. आधी स्वतः जा. बोलूनही काही निष्पन्न झाले नाही, तर पत्र पाठवायला कुणीही अडवलेले नाही, आणि तेव्हा ते पाठवण्यात तुझा कोणताही दोष राहणार नाही.

तुझ्या यजमानांना मात्र जाण्याआधी सांग. तीन महिने तू जी गोष्ट घरात दडवून ठेवली आहेस, ती तुझ्या मैत्रिणीने तुझ्यापासून दडवलेल्या गोष्टीपेक्षा फारशी वेगळी नाही. हे तुला दुखवण्यासाठी लिहीत नाही. लपवण्याचा मोह किती साधा असतो हे तुला स्वतःच्या घरातच दिसावे, म्हणून लिहिते.

शाळेत दरवर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. त्यांनी ऑक्टोबर १८५६ मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातला एक भाग मी मुलींना मुद्दाम सांगत असे. सावित्रीबाई आजारी होत्या, माहेरी विश्रांतीसाठी आल्या होत्या, आणि मागे पुण्यात कामाचा भार त्यांची सहकारी फातिमा हिच्यावर होता. तिला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, असे त्या जोतीरावांना लिहितात. मला या ओळीत फार मोठी गोष्ट दिसते. आपल्यामुळे दुसरीच्या खांद्यावर किती भार आला आहे याचे भान तिने तक्रार करण्याआधीच त्यांना होते, आणि तो भार त्यांनी शब्दांत मान्य केला. तुझ्या मैत्रिणीकडून राहून गेले ते नेमके एवढेच. सहा हजार रुपये गेले याचे तुला दुःख नाही असे तू म्हणतेस, आणि ते मला पटते. ते कुणाच्या पगारातून जात आहेत हे तिच्या तोंडून एकदाही निघाले नाही, याचे तुला दुःख आहे. मग तेच तिला सांग. पैशांचा आकडा नंतर.

आणखी एक. शिक्षकांच्या खोलीत यातले अक्षरही काढू नकोस. बदल्यांच्या धामधुमीत मी अशा गोष्टी एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात पोहोचताना पाहिल्या आहेत. त्या पोहोचतात तेव्हा सहा लाखांचे दहा लाख झालेले असतात.

वाचक_म्हापसा

मला वरच्या सर्वांचे म्हणणे मान्य आहे, तरी एका मुद्द्यावर मी वेगळे मत नोंदवते. त्या सतरा दिवसांचा आणि या कर्जाचा संबंध तुम्ही मनातूनही तोडावा. तेव्हा तिने तुम्हाला घरात घेतले, ते परतफेडीच्या अपेक्षेने नव्हे. आज तुम्ही ते दिवस आठवून गप्प बसलात, तर त्या आसऱ्याचे भाडे तुम्ही दरमहा ६,४५० रुपयांनी भरत आहात असा त्याचा अर्थ होईल, आणि हे तिलाही आवडणार नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल माझा अनुभव असा आहे की एकाच माणसावर सगळ्या बाबतींत सारखा विश्वास ठेवता येतो, ही समजूत आपण लहानपणच्या मैत्रीतून घेऊन येतो. माझी एक मैत्रीण आहे, जिला मी माझ्या घराची किल्ली देते पण वेळेची जबाबदारी कधीही देत नाही. दुसरी मध्यरात्री हॉस्पिटलमध्ये धावून येते, पण तिच्याजवळ सांगितलेली गोष्ट आठवड्यात गावभर होते, म्हणून मी तिला काही गोष्टी सांगत नाही. दोघीही माझ्या मैत्रिणीच आहेत. तुमची मैत्रीण तुमचे गुपित राखण्याच्या बाबतीत आजही तितकीच भरवशाची असू शकेल आणि पैशांच्या बाबतीत नसेल. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

शिक्षिका_सातारा

तुम्ही सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मी लगेच उत्तर दिले नाही, कारण आधी करायचे ते करून मगच लिहावे असे ठरवले होते.

मुख्याध्यापिकाबाईंचे यजमानांविषयीचे वाक्य मला फार लागले, आणि ते लागायलाच हवे होते. त्याच रात्री मी घरात सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकूण किती गेले एवढे विचारले, आणि १९,३५० हा आकडा ऐकून म्हणाले, “इतके दिवस मला का सांगितले नाहीस?” माझ्याकडेही उत्तर नव्हते. निनावीताई, त्या क्षणी तुमची फार आठवण झाली.

रविवारी मी कळवल्याशिवाय तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडले. भांडायला आले आहे असे तिला वाटले असावे, कारण ती दारातच उभी राहिली. मी बाईंनी सांगितले होते तसेच बोलले. माझ्या पगारातून पैसे कापले जातात याचे मला तितके वाईट वाटत नाही, पण ते मला कारकुनाच्या तोंडून कळले याचे फार वाईट वाटते. ती खाली बसली आणि मग सगळे सांगितले. कोंबड्यांत दोन वर्षे नुकसान आले, घेणेकरी घरी येऊ लागले आणि त्यात तिचे यजमान मनाने खचले. त्यांना एकटे घरी ठेवून शाळेत जाण्याची तिला भीती वाटत होती, म्हणून तिने रजा घेतली. त्याबद्दल याहून अधिक येथे लिहिणे योग्य होणार नाही. कुणालाही सांगणार नाही, असा शब्द तिने त्यांना दिला होता. “तुझ्या वेळीही मी कुणाला सांगितले नव्हते,” एवढेच ती म्हणाली.

हे मला आधी सुचलेच नव्हते. ज्या गप्प राहण्याने २०१४ मध्ये माझे घर वाचवले, त्याच गप्प राहण्याने या वेळी मला दुखवले होते. तिच्या बाजूने ती एकच सवय होती. मी तिला सांगितले की यजमानांच्या आजाराविषयी तू मला काही सांगायला हवे होतेस असे माझे म्हणणे नाही, पण “माझा पगार थांबला आहे, तुझ्याकडून कपात होईल” हे वाक्य त्यांचा शब्द न मोडताही बोलता आले असते. तिने ते मान्य केले. बांधकामाचे खोटे कारण दिल्याचे मात्र तिला नीट मान्य करता आले नाही; ती इकडचे तिकडचे बोलत राहिली आणि मीही तेथे फार ताणून धरले नाही. ती गोष्ट माझ्या मनात अजून आहे.

कोल्हापूरच्या ताई, कागद केला. आतापर्यंत माझ्याकडून गेलेली रक्कम, तिच्या तारखा आणि ती दिवाळीनंतर हजर झाल्यावर दरमहा दोन हजार रुपये परत करील, असे तिने स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. संस्थेकडे मुदतवाढीचा अर्ज ती देणार आहे आणि माझी सही मागितली तर मी वाचून मगच देणार आहे, हे तिला सांगितले. यापुढे मी कुणालाही, तिलाही, जामीन राहणार नाही, हेही सांगितले. हे बोलताना माझा आवाज कापत होता, तरी बोलले.

निघता निघता दुसऱ्या जामीनदारांचा विषय निघाला. त्यांच्याशीही ती तीन महिन्यांत बोललेली नव्हती. “तूच सांगशील का त्यांना?” असे तिने विचारले, आणि एरवी मी हो म्हटले असते. मी नाही म्हणाले, पण तू बोलेपर्यंत मी थांबते असे म्हटले. तिने फोन हातात घेतला, दोनदा खाली ठेवला आणि तिसऱ्यांदा लावला. तिला मोकळेपणाने बोलता यावे म्हणून मी उठून चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा पूर्वीच्या जागी नव्हता. तो वरच्या फळीवर सापडेपर्यंत बाहेर तिचे बोलणे सुरू झाले होते.